मुळा-प्रवरेचे नाव घेऊन संपवलेली चर्चा

गावाकडच्या विजेचा कारभार कोणाच्या हाती असावा, हा वाद आपल्याकडे दर दोन-चार वर्षांनी उफाळतो आणि दर वेळी तो दोनच तटांवरून लढवला जातो. जानेवारी २०२३मध्ये समांतर परवान्याच्या, म्हणजे महावितरणच्याच भागात दुसऱ्या कंपनीला वीज वितरणाची मुभा देण्याच्या विरोधात वीज कर्मचारी संपावर गेले तेव्हा तो झाला, पुढे स्मार्ट मीटरच्या निमित्ताने पुन्हा झाला. एक तट म्हणतो, महावितरण वाचली पाहिजे. दुसरा म्हणतो, खासगी कंपनी आल्याखेरीज गळती आणि चोरी थांबणार नाही. मध्येच कोणी सहकाराचे नाव काढलेच, तर दोन्ही तट क्षणभर वैर विसरतात आणि एकच शब्द उच्चारतात: मुळा-प्रवरा. श्रीरामपूरची ती वीज सहकारी संस्था बुडाली, महावितरणच्या हिशेबाने तिच्याकडे दोन हजार कोटींहून अधिक थकबाकी निघाली, जानेवारी २०११अखेर तिचा परवाना संपला आणि कारभार महावितरणकडे गेला. विषय मिटला. मला तो इतक्या स्वस्तात मिटवणे मान्य नाही. मुळा-प्रवरेचा दाखला अर्धवट दिला जातो आणि ज्या अमेरिकन नमुन्यावरून ती संस्था उभी राहिली, त्या नमुन्याचे गोडवेही तितकेच अर्धवट गायले जातात. वीज सहकारी संस्था एखादे गाव किंवा लहान शहर जगवू शकते, असे माझे मत आहे. पण ते वीज स्वस्त मिळते म्हणून नव्हे. बिलातून गोळा झालेल्या पैशाचा हिशेब त्याच गावात, ते बिल भरणाऱ्यांसमोर उभे राहून द्यावा लागतो, म्हणून.

मूळ नमुन्यापासून सुरुवात करू. १९३५च्या सुमारास अमेरिकेतल्या शहरांत दहापैकी नऊ घरांत दिवे होते आणि शेतवस्त्यांवर दहापैकी एका घरात. खासगी कंपन्यांचे गणित साधे होते: मैलभर तार ओढायला दोन हजार डॉलरच्या आसपास खर्च आणि त्या मैलावर गिऱ्हाइके मूठभर. मे १९३५मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले, त्या वेळी अपेक्षा अशी होती की स्वस्त कर्ज मिळाल्यावर याच कंपन्या गावात जातील. कंपन्यांनी पाठ फिरवली. कर्ज मागायला आले ते शेतकरी, घरटी पाच-पाच डॉलर वर्गणी गोळा करून स्थापलेल्या संस्थांच्या नावाने. त्यांनी मैलाचा खर्च निम्म्याच्या खाली आणला, पुष्कळ ठिकाणी खांबांचे खड्डे स्वतः खणले. संस्था उभ्या राहताहेत असे दिसताच कंपन्यांना अचानक गावे आठवली. नियोजित मार्गावरच्या चार सधन वस्त्या हेरून तेवढ्यापुरती तार घाईघाईने ओढायची, म्हणजे उरलेल्या विरळ वस्त्यांच्या जिवावर संस्थेचा हिशेब बसूच नये, अशी ही युक्ती होती. तिकडे अशा तारांना ‘द्वेषाच्या तारा’ असेच नाव पडले. समांतर परवान्याने स्पर्धा येईल आणि स्पर्धेने सर्वांचे भले होईल, असे सांगणाऱ्यांनी इतिहासाचे हे पान एकदा वाचावे. दर महिन्याला बिनबोभाट बिल भरणारे गिऱ्हाईक उचलून न्यायचे आणि कोरडवाहू वाडीवरचा एकटा पंप जुन्या कंपनीच्या गळ्यात ठेवायचा, ही कल्पना काही नवी नाही.

आता या गोष्टीचा जो भाग सहकाराचे भाट सांगत नाहीत, तो मांडला पाहिजे. पहिला भाग पैशाचा. या संस्था ‘स्वबळावर’ उभ्या राहिल्या, हे खरे नाही. त्यांच्यामागे केंद्र सरकारचे दीर्घ मुदतीचे, अत्यल्प व्याजाचे कर्ज होते. सरकारी धरणांची स्वस्त वीज होती. खात्याने तयार करून दिलेले आराखडे आणि पुरवलेले अभियंते होते. दुसरा भाग अधिक कडू आहे. अमेरिकेत शेतांची संख्या सर्वांत जास्त होती ती नेमकी १९३५ साली, सुमारे ६८ लाख. आज ती २० लाखांच्याही खाली आहे. म्हणजे तार गावात शिरली आणि त्यानंतरच्या काही दशकांत माणसे गावातून बाहेर पडली. विजेने दूध काढणारी यंत्रे आणली, पाणी घरात आणले, बाईच्या हातातली घागर आणि धोपाटणे सोडवले, हे सगळे निर्विवाद. पण त्याच विजेने कमी माणसांत जास्त शेती करता येऊ लागली आणि मुलांना शहराची वाट मोकळी झाली. तेव्हा ‘वीज आली की गाव जगते’ हे वाक्य ज्याला म्हणायचे असेल त्याने म्हणावे. आकडे त्याच्या बाजूला नाहीत. तिसरा भाग वर्णाचा. दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय शेतकरी या संस्थांची बिले भरत राहिले, पण संचालक मंडळाच्या टेबलापाशी त्यांना खुर्ची मिळायला कित्येक दशके गेली, आणि काही ठिकाणी ती अजूनही पुरेशी मिळालेली नाही. एक सभासद एक मत हे तत्त्व कागदावर असणे आणि मतदाराला सभेची वेळ वेळेवर कळणे, यांत केवढे अंतर असू शकते हे आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या सभासदांना वेगळे सांगायला नको.

मग उरले काय? माझ्या मते उरली ती संस्था, आणि खरी किंमत तिचीच आहे. आज अमेरिकेत अशा सुमारे ९०० संस्था आहेत, सुमारे सव्वाचार कोटी लोकांना त्या वीज पुरवतात आणि देशाच्या निम्म्याहून अधिक भूभागावर त्यांच्या तारा आहेत. त्यांच्या तारेच्या एका मैलावर सरासरी आठ ग्राहक असतात. खासगी कंपन्यांकडे त्याच्या चौपट. आठ ग्राहकांच्या मैलावर धंदा करणारी संस्था दुसरीकडे जाऊ शकत नाही, हेच तिचे बळ ठरले. तिचे मुख्य कार्यालय तीन-चार हजार वस्तीच्या गावात असते. तारतंत्री, हिशेबनीस, दोन-चार अभियंते तिथेच राहतात, त्यांची मुले तिथल्याच शाळेत जातात, आणि वार्षिक सभा त्याच शाळेच्या व्यायामशाळेत भरते. सभेला येणाऱ्याला जेवण आणि दिव्यांचे खोके किंवा प्लॅस्टिकची बादली भेट मिळते, कारण त्याशिवाय गणपूर्ती होत नाही. (आपल्या सभेतल्या भेळभत्त्याची आठवण येऊन मला इथे बरे वाटले.) वर्षाअखेर जी शिल्लक उरते ती ज्याने जितकी वीज वापरली त्याच्या नावे जमा होते आणि काही वर्षांनी धनादेशाने परत येते. दक्षिण कॅरोलायनातल्या पाल्मेटो नावाच्या संस्थेने १९८९मध्ये बिल पुढच्या पूर्ण डॉलरपर्यंत वाढवून वरची चिल्लर गावातल्या अडलेल्या घरांसाठी बाजूला टाकायला सुरुवात केली, आणि ती पद्धत शेकडो संस्थांनी उचलली. केंद्राच्या शेती खात्याकडून या संस्थांना बिनव्याजी रक्कम मिळते. ती त्या गावातल्या कारखान्याला, दवाखान्याला, अग्निशमन केंद्राला पुढे कर्जाऊ देतात आणि वसूलही करतात. कोणाला कर्ज द्यावे हे ठरवणारा माणूस त्या दुकानात स्वतः जाऊन आलेला असतो.

हे बळ खरे कामाला आले ते इंटरनेटच्या वेळी. १९३५चे सगळे नाटक २०१०नंतर जसेच्या तसे पुन्हा रंगले: टेलिफोन कंपन्यांनी गावे परवडत नाहीत म्हणून सोडून दिली आणि वीज संस्थांच्या सभासदांनी सभेत विचारले की खांब आपले आहेत, मग त्यावरून दुसरी तार का नेता येऊ नये? मिसुरीतल्या को-मो संस्थेला केंद्राची मदत मिळाली नाही, तेव्हा तिने सभासदांकडून आगाऊ अनामत घेऊन, जिथे पुरेशा लोकांनी पैसे भरले तिथून फायबर ओढायला सुरुवात केली. मिसिसिपीत वीज संस्थांना असा धंदा करायला कायद्याचीच आडकाठी होती; ती २०१९मध्ये उठली, आणि त्यानंतर फायबर टाकणाऱ्यांत कॉरिन्थ गावची अल्कॉर्न काउंटीची संस्था होती, जी १९३४मध्ये, म्हणजे रूझवेल्टच्या खात्याच्याही आधी, अशा संस्थांचा पहिला नमुना म्हणून उभी राहिली होती. न्यू मेक्सिकोतल्या ताओस गावच्या किट कार्सन संस्थेने २०१६मध्ये मोठी रक्कम मोजून आपल्या घाऊक पुरवठादाराशी असलेला करार मोडला आणि काही वर्षांत उन्हाळी दिवसाची सगळी गरज सौर विजेवर आणून दाखवली. यांपैकी एकाही गावाची लोकसंख्या यामुळे दुप्पट झालेली नाही. पण घरबसल्या काम करणारी मुलगी गावी परतू शकते की नाही, गावातला दवाखाना शहरातल्या डॉक्टरशी पडद्यावर बोलू शकतो की नाही, हा निर्णय दूरच्या कुठल्या भागधारकाच्या हाती राहिला नाही. लहान गावाचे पुनरुज्जीवन म्हणजे माझ्या लेखी इतकेच असते.

हे चित्र रंगवताना एक डाग झाकणे अप्रामाणिक होईल. या संस्थांच्या बहुसंख्य निवडणुकांत दहा टक्के सभासदही मत देत नाहीत. जिथे मालक झोपतो तिथे कारभारी काय करतो, याचे उदाहरण टेक्ससमधली पेडर्नालेस ही संस्था. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांनी तरुण खासदार असताना १९३८मध्ये जिच्यासाठी कर्ज मिळवून दिले, ती संस्था पुढे देशातली सर्वांत मोठी झाली आणि तिचे संचालक मंडळ स्वतःच स्वतःला निवडू लागले. २००७मध्ये सभासदांनीच कोर्टात दावा लावला, चैनीचे हिशेब बाहेर आले, माजी महाव्यवस्थापकावर गुन्हा शाबित झाला. पण इथेच एक फरक लक्षात घ्यावा लागतो. दावा लावणारे लोक ग्राहक म्हणून तक्रार करत नव्हते, मालक म्हणून हिशेब मागत होते. आणि त्याचा परिणाम म्हणून संस्था मोडली नाही, निवडणुकीची पद्धत मोडली. खासगी कंपनीच्या ग्राहकाला असा दावा लावण्याची सोय कोणत्या कलमाखाली आहे?

आता श्रीरामपूरकडे येऊ. १९६९मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाले आणि अमेरिकन संस्थांच्या सल्ल्याने देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्थांचा प्रयोग करायचे ठरले: कर्नाटकात हुक्केरी, आंध्रात सिरसिला, गुजरातेत कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौ आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा. महाराष्ट्रासाठी जागा निवडताना कोणाला फार विचार करावा लागला नसेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जिथे सहकारी साखर कारखाना उभा करून दाखवला, त्याच प्रवरेच्या खोऱ्यात वीज सहकार रुजला नाही तर कुठे रुजणार? श्रीरामपूर, राहुरी आणि लगतच्या तालुक्यांतली गावे संस्थेकडे आली. सुरुवातीची वर्षे चांगली गेली, विहिरींवर पंप बसले, उसाचे क्षेत्र वाढले. आणि नेमके हेच, ज्याला आपण संस्थेची सर्वांत मोठी जमेची बाजू समजलो, तेच माझ्या मते तिचे दुखणे होते.

आपला सहकार हा विकणाऱ्यांचा सहकार आहे. कारखाना उसाचे पैसे देतो, डेअरी दुधाचे पैसे देते. सभासद संस्थेकडे भाव मागायला जातो आणि जो पुढारी जास्त भाव मिळवून देतो त्याला निवडून आणतो. वीज संस्थेत पैशाचा ओघ उलटा असतो. तिथे सभासदाने संस्थेला द्यायचे असते. कारखान्यात निवडून आलेली माणसे, तीच माणसे, तीच सवय घेऊन वीज संस्थेत बसली, आणि ज्या हाताने भाव द्यायचा त्याच हाताने जोडणी तोडायची वेळ आल्यावर हात उचलला गेला नाही. वसुली सोडून देणे हाच ‘भाव’ झाला. विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे, आणि तो मला मान्य आहे: ज्याचे मत घ्यायचे त्याची वीज तोडता येत नाही.

मात्र हा मुद्दा जर सहकाराविरुद्ध निर्णायक असेल, तर तो महावितरणविरुद्ध दुप्पट निर्णायक ठरत नाही काय? कृषिपंपांची थकबाकी सरकारी कंपनीच्या वहीत आज पन्नास हजार कोटींच्या वर आहे. तिथे तर सहकारी संस्था नव्हती, पुढाऱ्याचे पॅनेल नव्हते. मूळ दुखणे राज्यभर एकच होते. पंपाला मीटर न लावता अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली, आणि मीटर नसलेल्या पंपाने किती वीज खाल्ली हे कोणालाच सांगता येत नसल्यामुळे तारेतली गळती, आकडे टाकून केलेली चोरी आणि कारकुनाचा आळस, सगळे त्या एका अंदाजी आकड्यात जिरवता येऊ लागले. मुळा-प्रवरेचे ओझे याहून एका बाबतीत जास्त होते. तिने वीज घाऊक भावाने राज्याच्या वीज मंडळाकडून घ्यायची, तो भाव तिच्या हाती नाही. शेतकऱ्याला कोणत्या दराने विकायची, तेही राज्याचे धोरण ठरवणार. निवडणुकीच्या तोंडावर बिले माफ झाल्याची घोषणा मुंबईत होणार आणि वसुलीला गेलेल्या कर्मचाऱ्याला बांधावर उभे राहून त्याची किंमत मोजावी लागणार. खरेदीचा भाव दुसऱ्याचा, विक्रीचा भाव तिसऱ्याचा आणि तोट्याला जबाबदार मात्र संस्था, अशी ही रचना होती. अशा अटींवर कुठला किराणा दुकानदार वर्षभर तग धरील? संस्थेच्या संचालकांची चूक नव्हती असे मी म्हणत नाही. ती होती, आणि मोठी होती. पण संस्था बुडाली त्याच पाण्यात आज महावितरणही उभी आहे. फरक एवढाच की तिला राज्याच्या अर्थसंकल्पाचा बांबू धरायला मिळतो.

मूळ पाचांपैकी हुक्केरी आणि सिरसिला या दोन संस्था अजून चालू आहेत, हे मुळा-प्रवरेचा शब्द उच्चारणारे कधी सांगत नाहीत. हुक्केरी तर आपल्या चंदगड-गडहिंग्लजपासून हाकेच्या अंतरावर, बेळगाव जिल्ह्यात आहे. सिरसिला हे यंत्रमागांचे गाव. त्या मुलखातले पद्मशाली विणकर पिढ्यान्‌पिढ्या भिवंडी-सोलापूरच्या मागांवर आले, त्यामुळे आपल्याला ते अगदीच परके नाही. या दोन्ही संस्था आदर्श आहेत असा दावा मला करायचा नाही. तिथल्या निवडणुका राजकीय घराण्यांच्या कुस्त्या असतात आणि सरकारी अनुदानावाचून त्यांचेही भागत नाही. पण त्या पन्नासहून अधिक वर्षे टिकल्या आहेत. तेव्हा ‘वीज सहकार आपल्या मातीत जगत नाही’ हे विधान खोटे ठरते. फार तर ‘अमुक अटींवर जगत नाही’ असे म्हणता येईल, आणि मग चर्चा अटींची करावी लागेल. थकबाकीदाराला संचालक होता येणार नाही, ही तरतूद सहकार कायद्यात आहेच. प्रत्येक डीपीवर, म्हणजे गावातल्या रोहित्रावर, मीटर, त्या मीटरचा आकडा आणि त्या डीपीवरची वसुली दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, आणि माफी जाहीर करणाऱ्या सरकारने ती रक्कम संस्थेच्या खात्यात आधी जमा करायची, अशा तीन अटी १९७० साली घातल्या असत्या तर श्रीरामपूरचा इतिहास वेगळा झाला असता, असे मला वाटते.

‘गावकऱ्यांना हे झेपणार नाही’ हा आक्षेप तर मला सर्वांत विनोदी वाटतो. आमच्या भागात रब्बीच्या ऐन भरात डीपी जळते तेव्हा काय होते, ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. वायरमनला फोन लागत नाही, लागला तर तो सांगतो की ऑइल नाही, रोहित्र यायला पंधरा दिवस लागतील. मग संध्याकाळी पारावर माणसे जमतात. पंपामागे दोनशे-तीनशे रुपये वर्गणी ठरते, कोण देणार नाही याचा अंदाज घेऊन ती थोडी वाढवली जाते, एकाचा ट्रॅक्टर ठरतो, दुसरा डिझेल टाकतो, जळालेली डीपी खाली उतरवून तालुक्याला नेली जाते आणि दुसरी आणून चढवली जाते. खांबावर चढणारा असतो गावचा झिरो वायरमन: कुठल्याही हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, हातमोजे नाहीत, विमा नाही, आणि शॉक लागून गेला तर ज्याच्या घरी कोणी अधिकारी फिरकत नाही असा. म्हणजे वर्गणी आहे, श्रम आहेत, तंत्रज्ञ आहे, वाटणीचा न्याय आहे. गावात वीज सहकार चालूच आहे. फक्त त्याला पावती नाही, हिशेबाची वही नाही आणि ज्या डीपीसाठी पैसे मोजले तिच्यावर मोजणाऱ्याचा हक्क नाही.

कायद्याची आडकाठी असती तर गोष्ट वेगळी. २००३च्या वीज कायद्याच्या पाचव्या कलमात ग्रामीण भागात घाऊक वीज घेऊन स्थानिक वितरण सांभाळण्यासाठी पंचायती, वापरकर्त्यांचे संघ, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था आणि फ्रँचायझी (करारावर वितरण सांभाळणारी कंपनी) असे पाच मार्ग सांगितले आहेत. महाराष्ट्राने या यादीतला शेवटचा शब्द तेवढा उचलला, आणि तोही शहरांसाठी. २००७पासून भिवंडीत फ्रँचायझी चालू आहे. औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरचे करार मात्र मुदत संपण्याआधीच गुंडाळावे लागले. या तीन अपयशांमुळे ‘खासगीकरण आपल्या मातीत जगत नाही’ असे कोणी म्हणत नाही. एका संस्थेच्या अपयशावरून सहकार कायमचा बाद होतो. तीन कंपन्या अपयशी ठरल्या की चौथीचा शोध सुरू होतो.

हा प्रश्न आज इतिहासाचा उरलेला नाही, कारण गावाच्या शिवारात विजेची नवी मालकी याच वर्षांत ठरते आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभे राहत आहेत, आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही त्यातली चांगली गोष्ट आहे, ती मी नाकारत नाही. रात्री दोन वाजता बिबट्याच्या भीतीत मोटार चालू करायला गेलेला कोणीही ती नाकारणार नाही. परंतु योजनेत गावाचा वाटा काय? जमीन देणाऱ्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाखांचे अनुदान. वीजखरेदीचा पंचवीस वर्षांचा करार मात्र कंपनीच्या नावाने. केंद्राच्या कुसुम योजनेत दोन मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प शेतकरी गटांना, सहकारी संस्थांना, पंचायतींना उभारता येतात. गुजरातमधल्या ढुंडी गावात सहा शेतकऱ्यांनी २०१६मध्ये सौर पंपांची सहकारी मंडळी काढून उरलेली वीज कंपनीला विकायला सुरुवात केली, आणि पहा, हा सहकार विकणाऱ्यांचा आहे, म्हणजे आपल्या सवयीचा. विकास सोसायटी, दूध संस्था आणि पतसंस्था असलेल्या एखाद्या गावाला जिल्हा बँकेच्या कर्जातून अशा प्रकल्पात निदान निम्मी भागीदारी घेणे अशक्य आहे काय? भांडवल मोठे लागते, जोखीम आहे, कंपनीला स्वस्त कर्ज मिळते ते गावाला मिळत नाही, हे खरे. १९३५मध्येही नेमके हेच खरे होते, आणि तिथे सरकारने उत्तर म्हणून अनुदानाचा तुकडा दिला नाही, कर्ज दिले.

मागच्या उन्हाळ्यात असा एक प्रकल्प पाहायला गेलो होतो. गायरानाच्या कडेला जाळीचे कुंपण, आत निळ्या पाट्यांच्या रांगा, बाहेर बाभळीखाली खाटेवर बसलेली गावातलीच दोन मुले. त्यांना तिथे रखवालीचे काम मिळाले आहे. एकाने आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला होता. प्रकल्प कोणाचा आहे असे विचारल्यावर त्याने कुंपणावरच्या पाटीकडे बोट दाखवले. पाटीवर कंपनीचे नाव होते, दिल्लीचा पत्ता होता आणि खाली एक मोबाइल नंबर, ज्यातले शेवटचे दोन आकडे उन्हाने उडाले होते.